वांग : डाग वर, कारण खाली

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण. वक्ते बिलासपूर येथे रेल्वेच्या इंजिनिअरिंग विभागात रुळांच्या देखभालीचे काम पाहतात. अनेक भगिनींच्या आग्रहावरून ते येथे जवळजवळ बोलले तसेच छापत आहोत. – संपादक मंडळ)





दरवर्षी या व्यासपीठावरून डॉक्टर, प्राध्यापक, वकील अशी विद्वान मंडळी बोलतात. यंदा समितीला कोणी मिळाले नाही म्हणून माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला उभे केले आहे. 'रेल्वेच्या सुरक्षेवर बोला' असे सेक्रेटरीसाहेब म्हणाले. मी म्हटले, बोलेन, पण वांगावर बोलेन. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, 'भाजीवर?' तेव्हा आधीच सांगतो, विषय वांग्याचा नाही, वांगाचा आहे. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर जे तपकिरी-काळसर डाग पडतात ते. इथे हिंदीत त्यांना झाइयाँ म्हणतात आणि डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात.

मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते वाचून आणि विचारून गोळा केलेले आहे. आमच्यावर उपचार करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी या भाषणाचा कच्चा खर्डा नजरेखालून घातला आहे. तरीही एखादी चूक राहिली असेल तर ती माझी.

आपल्या बाप्पाचा जन्म पार्वतीमातेच्या अंगावरच्या मळापासून झाला अशी कथा आहे. उटणे लावले, घासले, की मळ निघतो हे खरे. पण वांग हा मळ नव्हे. तो घासून निघत नाही, उलट वाढतो. हे एक वाक्य जरी आज घरी घेऊन गेलात तरी माझे काम झाले.

आता हा विषय का निवडला ते सांगतो. आमच्या सौ. पहिल्याच रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच बोलत आहे.

२००९ साली आमच्या धाकटीच्या वेळी सौ.ला सातवा महिना लागला आणि दोन्ही गालांवर तपकिरी सावली धरली. नातेवाइकांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कोणी म्हणाले पोटातली उष्णता आहे, कोणी म्हणाले लिव्हर तपासा, कोणी म्हणाले मुलगी होणार. (मुलगी झाली, पण तो योगायोग.) एका काकूंनी तर 'चेहरा नीट धूत जा गं' असेही सांगितले. बाळंतपणानंतर सावली फिकट झाली, पण पुरती गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गडद झाली. हळूहळू सौ. हळदीकुंकवाला जाणे टाळू लागली. फोटोच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहू लागली. मला हे दिसत होते, पण समजत नव्हते.

२०१४ साली घरात एक लग्न होते. त्याआधी मी औषधाच्या दुकानात गेलो आणि 'चेहऱ्यावरच्या डागांसाठी काही द्या' म्हटले. दुकानदाराने चिठ्ठी न मागता एक ट्यूब काढून दिली. सहा आठवड्यांत चेहरा असा उजळला, की लग्नात सगळे विचारत होते. मी स्वतःवरच खूश. पुढची तीन वर्षे ती ट्यूब आमच्या किराण्याच्या यादीत होती, साखर आणि चहापत्तीच्या खाली. एखादा आठवडा बंद केली की चेहरा आग आग व्हायचा, लाल व्हायचा, म्हणून पुन्हा सुरू. तिसऱ्या वर्षी गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागल्या, कातडी कागदासारखी पातळ झाली, हनुवटीवर लव वाढली आणि खाली वांग होता तो होताच, पूर्वीपेक्षा गडद.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'वाचा.' बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे होती. त्यांतले एक स्टिरॉइड होते. मी रुळाच्या प्रत्येक वेल्डवरचा नंबर आणि तारीख वाचणारा माणूस. तीन वर्षांत ट्यूबवरच्या चार ओळी वाचल्या नव्हत्या. ट्यूब मीच आणली होती. म्हणून आज बोलायचे कर्जही माझ्यावरच आहे.

तर वांग म्हणजे नेमके काय?

आपल्या कातडीचा वरचा थर तळाकडून सतत नवा होत असतो. तळाशी पेशी जन्मतात, वर सरकतात आणि साधारण महिना-सव्वा महिन्यात झडून जातात. या तळच्या रांगेत मधूनमधून एक वेगळी पेशी बसलेली असते, तिचे नाव मेलॅनोसाइट. ही रंगारी पेशी. टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून ती मेलॅनिन हा रंग तयार करते. त्यासाठी तिच्याकडे टायरोसिनेज नावाचे एक यंत्र, म्हणजे विकर असते, आणि गंमत म्हणजे ते यंत्र चालायला तांब्याचे अणू लागतात. तयार झालेला रंग लहान पुड्यांत भरला जातो. रंगारी पेशीला फांद्या असतात. त्या फांद्यांतून ती या पुड्या आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना पोचवते. आमच्या भाषेत सांगायचे तर एक डेपो आणि छत्तीस स्टेशने.

पुड्या पोचल्यावर त्या पेशी काय करतात, हे वाचून मी थक्क झालो. त्या रंगाचा ढीग पेशीच्या केंद्रकावर, बरोबर उन्हाच्या बाजूला रचतात. केंद्रकात आपला डीएनए असतो, म्हणजे पेशीचा मूळ नकाशा. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो नकाशा बिघडतो. म्हणून त्यावर छत्री. पुश ट्रॉलीवरून लाइनची तपासणी करताना आमच्या डोक्यावर छत्री असते, तशी प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म छत्री. रंग हा काही दोष नव्हे, तो बंदोबस्त आहे. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या कातडीत रंगारी पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो पुड्यांच्या आकाराचा, संख्येचा आणि त्या किती टिकतात याचा.

ऊन पडले की पेशी रंगारी पेशीला निरोप पाठवते : माल वाढवा. ऊन गेले की निरोप थांबतो आणि टॅन महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. वांगात हा निरोप थांबतच नाही. सिग्नल एकदा दिला आणि तसाच अडकून राहिला, असे समजा. मायक्रोस्कोपखाली पाहिले तर वांगाच्या जागी रंगारी पेशींची संख्या फारशी वाढलेली नसते. त्या आकाराने मोठ्या, जास्त फांद्यांच्या आणि रात्रंदिवस काम करणाऱ्या झालेल्या असतात.

निरोप कोण देत राहते? इथे चार नावे घ्यावी लागतील.

पहिले, ऊन. याच्याशिवाय वांग जवळजवळ होत नाही. म्हणून तो चेहऱ्यावर, आणि चेहऱ्यावरही पुढे आलेल्या भागांवर असतो : गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ, काहींना जबड्यावर. आपले बिलासपूर कर्कवृत्ताच्या थोडे खाली. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. नवतपाच्या दिवसांत रुळाचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते आणि आम्ही रूळ वाकू नये म्हणून उन्हाळी गस्त घालतो. रुळासाठी गस्त, पण गस्त घालणाऱ्याच्या चेहऱ्यासाठी काय, हा प्रश्न मला वीस वर्षांत कधी पडला नव्हता.

यातही एक गोष्ट अलीकडे कळली आहे. फक्त अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः निळा भाग, सावळ्या कातडीत रंग वाढवतो. २०१८ साली संशोधकांनी दाखवले, की रंगारी पेशीत ऑप्सिन-३ नावाचा एक संवेदक आहे आणि तो निळा प्रकाश ओळखतो. म्हणजे डोळ्यांसारखी एक जाणीव कातडीतही आहे. आणि साधी काच अतिनील किरणांतला एक प्रकार अडवते, पण दुसरा प्रकार आणि हा दिसणारा प्रकाश आत येऊ देते. म्हणून 'मी तर घरातच असते' किंवा 'मी गाडीत काच लावून बसतो' हे पुरेसे संरक्षण नाही.

दुसरे, स्त्रीचे संप्रेरक. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही गरोदरपणात वाढतात आणि रंगारी पेशींना चेतवतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींना वांग येतो. बाळंतपणानंतर अनेकींचा वांग आपोआप फिकट होतो, काहींचा राहतो. यात त्या बाईचा, तिच्या आहाराचा, तिच्या स्वच्छतेचा काही दोष नाही. पोटातल्या बाळाच्या मुलगा-मुलगी असण्याशीही संबंध नाही.

तिसरे, घराणे. आई, मावशी, बहीण यांना असेल तर शक्यता वाढते. सावळ्या-गव्हाळ वर्णात, म्हणजे आपल्यासारख्या लोकांत, तो अधिक आढळतो.

चौथे, कातडीची जळजळ. खरखरीत घासणे, ब्लीच, तिखट वासाची प्रसाधने, लिंबू चोळून उन्हात जाणे. सावळ्या कातडीचा स्वभाव असा, की तिला कुठेही दुखावले की ती तिथे रंग ओतून ठेवते.

आणि वांग फक्त बायकांचा नाही. पुरुषांतही होतो, कमी प्रमाणात. माझ्या स्वतःच्या गालाच्या हाडांवर आहे, पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. पंधरा वर्षे मला कोणी एक शब्द विचारला नाही. उलट 'साहेब लाइनवर फिरणारा माणूस आहे' म्हणून मान मिळाला. तोच डाग सौ.च्या चेहऱ्यावर आला तर 'चेहरा नीट धूत जा'. यावर मी जास्त भाष्य करत नाही, आपण सुज्ञ आहात.

आपल्या पूर्वजांनाही हा डाग चांगला माहीत होता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'व्यंग' आहे. मुखावर येणारा, न दुखणारा, श्यामवर्ण पातळ डाग असे त्याचे वर्णन आहे आणि कारण दिले आहे क्रोध व श्रम यांनी बिघडलेला वायू आणि पित्त. व्यंग आणि आपला वांग हे एकाच घराण्यातले शब्द दिसतात. कारणमीमांसा आज बदलली आहे, पण निरीक्षण किती अचूक! न दुखणारा आणि पातळ, म्हणजे उंचवटा नसलेला, हे आजही निदानाचे लक्षण आहे.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो, कारण वांग परत का येतो हे मला पुस्तकापेक्षा लाइनवर नीट समजले.

आमच्या सेक्शनमध्ये एक ठिकाण होते. तिथे रूळ दर दोन महिन्यांनी खचायचा. गँग जाऊन गिट्टी भरायची, पॅकिंग करायची, लेव्हल बरोबर यायची, फोटो काढून रिपोर्ट जायचा. पाऊस पडला की पुन्हा खड्डा. कारण बिघाड रुळात नव्हता, गिट्टीतही नव्हता. खालच्या भरावात काळी माती होती आणि पाण्याला वाट नव्हती. वरून कितीही सरळ करा, खालचा भराव ओला आहे तोवर रूळ खचणारच. तिथे आम्ही गाड्यांना कॉशन ऑर्डर लावली, म्हणजे वेग कमी. आधी पाण्याला वाट काढून दिली, मग भराव सुधारला. त्याला दोन वर्षे लागली.

वांगाचेही हेच आहे. पूर्वी समजत, की हा फक्त रंगारी पेशींचा आगाऊपणा आहे. आता समजते, की खालचा भराव बिघडलेला असतो. वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये एक पातळ पटल असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते वांगाच्या जागी विरलेले असते. त्यातून रंगारी पेशी खाली लोंबतात आणि रंगाचे कण खालच्या थरात सांडतात. खालच्या थरातले लवचीक तंतू उन्हाने कुजल्यासारखे झालेले असतात. रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. शिवाय तिथल्या पेशी रंगारी पेशींना चेतवणारी द्रव्ये सतत वर पाठवत राहतात. म्हणून मलमाने वरचा रंग पुसला तरी खालून निरोप चालूच. म्हणून आता बरेच तज्ज्ञ वांगाला उन्हाने आलेल्या वार्धक्याचा एक प्रकार मानतात.

आणि स्टिरॉइडचे मलम काय करते? ते सूज दाबते, रंग दाबते, लेव्हल झटपट बरोबर आणते. पण महिनोन्‌महिने लावले तर खालचा भरावच पोखरते. कातडी पातळ, रक्तवाहिन्या जास्त. म्हणजे ज्या कारणाने वांग होतो, त्या कारणालाच खतपाणी. मी तीन वर्षे नेमके हेच केले.

या औषधांचा इतिहास इंजिनिअर म्हणून मला फार रंजक वाटला. १९३९ साली अमेरिकेत एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे पट्टे पडलेले आढळले. चौकशीअंती समजले, की त्यांच्या रबरी हातमोज्यांत रबर टिकावे म्हणून घातलेले हायड्रोक्विनोनच्या जातीचे एक रसायन कातडीचा रंग घालवत होते. पट्टे नेमके मोज्यांच्या मापाचे! हायड्रोक्विनोन म्हणजे जुन्या काळी कृष्णधवल फोटो धुण्याच्या डेव्हलपरमध्ये असायचे तेच. ते टायरोसिनेजच्या यंत्राला खीळ घालते. पुढे १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशा तिघांचे मिश्रण सांगितले. आजच्या तिहेरी मलमांचे मूळ ते. मिश्रण गुणकारी आहे, यात शंका नाही. पण ते मोजके आठवडे आणि देखरेखीखाली लावायचे औषध आहे.

आणि त्याच १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतून इशाराही आला होता. तिथल्या स्त्रिया उजळ होण्यासाठी हायड्रोक्विनोनची क्रीम वर्षानुवर्षे चोळत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर निळसर-काळे, खरखरीत, कायमचे डाग पडले. उजळण्याच्या औषधाने काळे केले. १९९० साली त्या देशाने प्रसाधनांतून हायड्रोक्विनोन हद्दपार केले. म्हणजे औषध आणि अपाय, दोन्ही एकाच वर्षी जगासमोर होते. आपण फक्त पहिले ऐकले.

आपल्याकडे २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा नियम केला. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. नियम आहे, पण दुकानात कोण किती पाळतो हे आपण सर्व जाणतो. म्हणून ट्यूब हातात आली की मागची अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांतले काही दिसले तर ते स्टिरॉइड. डॉक्टरने मुदत घालून दिले असेल तर तेवढेच दिवस लावा. कोणी शेजारणीने, पार्लरवालीने, किंवा माझ्यासारख्या शहाण्या नवऱ्याने दिले असेल तर लावू नका. मात्र बरीच वर्षे लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. डॉक्टरकडे जाऊन उतरत्या क्रमाने बंद करा.

मग करायचे काय? डॉक्टरीणबाईंनी आमच्यासाठी जो क्रम लावला तो सांगतो.

सर्वांत आधी पाण्याला वाट, म्हणजे इथे उन्हाला आडोसा. छत्री, रुंद काठाची टोपी, सुती ओढणी, आणि सकाळी दहा ते दुपारी चार शक्यतो सावली. त्यावर सनस्क्रीन. लोक हरभऱ्याएवढे लावतात, त्याचा उपयोग नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर भरून दोन रेघा, एवढे चेहरा आणि मानेला लागते आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगासाठी शक्यतो तपकिरी छटेचे सनस्क्रीन घ्यावे. त्यात आयर्न ऑक्साइड असते आणि ते दिसणारा प्रकाश अडवते, जे साधे सनस्क्रीन नीट करत नाही. हे वाचले तेव्हा मला हसू आले. पुलांच्या गर्डरवर आम्ही जो रेड ऑक्साइडचा रंग मारतो तो आयर्न ऑक्साइडच. आयुष्यभर लोखंडाला लावत आलो, तोच बायकोच्या गालांना हवा होता! (घाबरू नका, चेहऱ्यासाठीचे शुद्ध केलेले असते. आमच्या स्टोअरमधून कोणी डबा मागू नये.)

त्यानंतर औषध. ॲझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड, ठरावीक मुदतीचे हायड्रोक्विनोन, जे डॉक्टर ठरवतील ते. ट्रॅनेक्झामिक ॲसिड ही रक्तस्राव थांबवण्याची जुनी गोळी वांगावरही उपयोगी पडते, हे १९७९ साली जपानमध्ये प्रथम लक्षात आले. आज ती बरीच वापरली जाते. पण ती रक्त गोठण्याशी संबंधित आहे. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणू नये. लेझर आणि पीलबद्दलही सावध राहा. आपल्या वर्णाला जोराचा लेझर चटका देतो आणि वांग आणखी गडद होऊन परत येऊ शकतो.

आणि शेवटचे औषध म्हणजे धीर. वांग पुष्कळ फिकट होतो, पण 'मुळापासून कायमचा नष्ट' अशी जाहिरात दिसली तर पान उलटा. आमच्या भाषेत, कॉशन ऑर्डर उठत नाही. वेगमर्यादा पाळली तर गाडी मात्र सुखरूप चालते.

समितीने प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या. त्यांतल्या तीन घेतो.

'लिव्हर खराब असल्याने वांग येतो का?' नाही. लिव्हरची औषधे खाऊन वांग जात नाही. थायरॉइडच्या काही तक्रारी असलेल्यांत वांग जास्त दिसतो असे काही अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे डॉक्टरने ती तपासणी सांगितली तर करून घ्यावी.

'प्रत्येक काळा डाग वांगच का?' नाही, आणि हे महत्त्वाचे आहे. कपाळावर नेमक्या कुंकवाच्या जागी काळे पडले असेल तर ते कुंकवातल्या रसायनांमुळे असू शकते. केसांच्या कडेने, कानांजवळ पडले असेल तर केसांच्या डायकडे पाहा. मानेभोवती, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा असेल तर साखर तपासून घ्या, तो बहुधा इन्सुलिनशी निगडित असतो. म्हणून आधी निदान, मग मलम.

'गरोदरपणात काय लावावे?' तपकिरी छटेचे सनस्क्रीन आणि टोपी. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन वगैरे त्या काळात नको. बाकी बाळंतपणानंतर डॉक्टरला विचारून.

मित्रहो, आमच्या गँगमध्ये एक ट्रॅक मेंटेनर बाई आहे. नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागली. तिच्या दोन्ही गालांवर गडद वांग आहे. एकदा मी तिला ओढणी आणि सनस्क्रीनबद्दल सांगू लागलो. ती शांतपणे म्हणाली, 'साहब, सावली कुठून आणू?' मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर एवढेच केले, की आमच्या सेक्शनमध्ये उन्हाळ्याचे जड काम शक्य तितके पहाटे घ्यायला सुरुवात केली. दुपारी जिथे काम टळत नाही तिथे विसाव्यासाठी ताडपत्रीचा मांडव सोबत नेतो. तिचा वांग गेला नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तिने स्वतः येऊन सांगितले, की आता दुपारी चेहरा जळत नाही.

आणि आमच्या सौ.बद्दल. ट्यूब सुटायला आठ महिने लागले. ते आठ महिने फार वाईट गेले. चेहरा लाल, सुजलेला, आणि आरशासमोर ती ज्या नजरेने माझ्याकडे बघायची ते मी विसरणार नाही. त्या शिरा अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. वांगही आहे, फिकट आहे. पण काल गौरीच्या हळदीकुंकवाला तिने चाळीस बायकांना बोलावले होते आणि फोटोत ती पहिल्या रांगेत, मधोमध उभी आहे.

घरी जाऊन आज रात्री एकच काम करा. आरशाजवळच्या फळीवर ज्या ट्यूबा असतील, त्या दिव्याखाली धरून वाचा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचा. आणि घरातल्या पुरुषांनो, हे काम तुम्ही करा. त्या आणून देणारे बहुतेक वेळा आपणच असतो.



गणपती बाप्पा मोरया!